भेटीची रेड वाईन: आधी विचारा, बाटली उघडणार कधी?

परदेशात कुणाच्या घरी जेवायचं बोलावणं आलं की बरेचजण वाईनच्या दुकानात जातात आणि शेकडो बाटल्यांसमोर गोंधळून उभे राहतात. तिथे 'चांगली कोणती?' हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण चांगल्या पुष्कळ असतात. भेट द्यायची असेल तर पहिला प्रश्न वेगळा हवा: ही बाटली उघडली कधी जाणार?

देणाऱ्याला त्याचं उत्तर सहसा माहीत नसतं. यजमान ती त्याच रात्री उघडतील, किंवा जेवणासोबतची वाईन त्यांनी आधीच ठरवलेली असेल आणि तुमची बाटली कपाटात जाईल, ती दोन वर्षं तिथेच राहील. दुकानातल्या बहुतेक रेड वाईन बाजारात आल्यापासून दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. वय वाढेल तशी चव सुधारत जाणाऱ्या थोड्याच, आणि त्या लवकर उघडल्या तर तोंड आवळून टाकतील इतक्या तुरट लागतात. म्हणून भेटीसाठी आज उघडली तरी तयार असणारी आणि दोन-तीन वर्षं विसरली गेली तरी न कोमेजणारी बाटली शोधावी.

या कसोटीवर आमची पहिली शिफारस स्पेनमधल्या रिओहाची. तिथे वाईन मुरवण्याचं काम नियमानेच उत्पादकावर टाकलं आहे. लेबलवर 'क्रियान्सा' असेल तर ती किमान 2 वर्षं मुरलेली असते आणि त्यातलं निदान 1 वर्ष ओक लाकडाच्या पिंपात गेलेलं असतं. 'रेसेर्वा'साठी किमान 3 वर्षं लागतात, त्यातलं निदान 1 पिंपात. 'ग्रान रेसेर्वा'साठी 5 वर्षं, त्यातली निदान 2 पिंपात आणि 2 बाटलीत. मागच्या बाजूच्या छोट्या शिक्क्याच्या रंगावरूनही हे ओळखता येतं: क्रियान्साचा लाल, रेसेर्वाचा गडद वाईनरंगी, ग्रान रेसेर्वाचा निळा. तिथल्या टेम्प्रानिओ द्राक्षाचा तुरटपणा एवढ्या काळात मवाळ होतो. समोरच्या माणसाची आवड ठाऊक नसेल तर रेसेर्वा घ्या. ती आज तयार असते आणि नीट ठेवली तर आणखी काही वर्षं आरामात टिकते.

इटलीतली कियांती क्लासिको रिझेर्वा याच जातकुळीतली. तिच्यात किमान 80 टक्के सान्जोवेझे द्राक्ष असतं आणि ती किमान 24 महिने मुरवलेली असते. इथे एक चूक वारंवार होते. 'कियांती' आणि 'कियांती क्लासिको' ही दोन वेगळी प्रमाणित नावं आहेत, क्लासिकोचा प्रदेश लहान आणि जुना. बाटलीवर काळा कोंबडा दिसला तर ती क्लासिको.

मोठ्या नावांपाशी मात्र सावध राहा. इटलीतली बारोलो ही जगातल्या उत्तम वाईनपैकी एक आहे. ती नेब्बिओलो द्राक्षाची, किमान 38 महिने मुरवलेली असते. तरीही बाजारात येते तेव्हा अनेकदा तिचा तुरटपणा बोचरा असतो. ती वाट पाहणाऱ्याला द्यावी, आज रात्री उघडणाऱ्याला नाही. फ्रान्समधल्या बोर्दोचंही तेच. 1855 च्या प्रसिद्ध वर्गवारीतल्या शातोंच्या (म्हणजे द्राक्षमळे असलेल्या वाईन-उत्पादकांच्या) वाईन आठ-दहा वर्षं थांबून प्यायच्या असतात, तर त्याच प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अगदी साध्या बाटल्या पातळ आणि कोरड्या निघू शकतात. 'ग्राँ व्हँ द बोर्दो' हे शब्द सोनेरी अक्षरांत छापलेले असले तरी ती कसलीही अधिकृत श्रेणी नाही. बोर्दोच द्यायची असेल तर नदीच्या उजव्या तीरावरची, मेर्लो द्राक्ष जास्त असलेली बघा. डाव्या तीरावर काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा भर असतो आणि ती उशिरा मऊ होते.

लेबलवरच्या सालाचा, म्हणजे द्राक्षं खुडल्याच्या वर्षाचा, अर्थही इथेच लागतो. बोर्दोसाठी 2016 हे उत्कृष्ट साल, पण म्हणूनच त्या सालच्या मोठ्या वाईनना जास्त वेळ द्यावा लागतो. मध्यम प्रतीच्या सालातल्या वाईन लवकर खुलतात. साल म्हणजे फक्त गुणांकन नव्हे, बाटली आता पिण्याजोगी आहे का याचा तो अंदाज आहे. साध्या, रोजच्या वाईनचं साल चार-पाच वर्षांपूर्वीचं दिसलं तर ती मुरलेली नसून दुकानात पडून राहिलेली असण्याची शक्यता जास्त.

क्वचित वाईन घेणाऱ्या माणसासाठी कमी तुरट द्राक्ष निवडा: गामे, पिनो न्वार, ग्रेनाश. फ्रान्समधल्या बोजोले प्रदेशातल्या 10 निवडक भागांच्या वाईन या कामाला फार चांगल्या. मोर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-वाँ ही त्यांतली काही नावं. लेबलवर अनेकदा त्या भागाचंच नाव ठळक असतं, त्यामुळे हाताशी असूनही त्या ओळखू येत नाहीत. 'बोजोले नूव्हो' ही वेगळी गोष्ट आहे. ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांतच संपवायची असते, त्यामुळे वसंतात ती कुणाला देऊ नये. याउलट भरदार चव आवडणाऱ्याला अर्जेंटिनातल्या मेंदोसाची माल्बेक किंवा ऑस्ट्रेलियातल्या बारोसाची शिराझ द्या. अल्कोहोलचा आकडा मात्र वाचा: 12.5 टक्क्यांची आणि 15 टक्क्यांची वाईन सारखी चढत नाही.

'रिझर्व्ह' हा शब्द स्पेन-इटलीत कायद्याने बांधलेला आहे, पण अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात तो कुणीही छापू शकतो. 'जुन्या वेली' या दाव्यालाही बहुतेक ठिकाणी वयाची ठरलेली अट नाही. जड काच आणि तळाचा खोल खळगा यांवरूनही आतल्या वाईनबद्दल काही कळत नाही. फ्रेंच लेबलवर 'मिज आं बुतेय ओ शातो' असेल तर वाईन तिथल्या तिथे बाटलीबंद झाली आहे, एवढी माहिती खरी असते.

आता बाटली हातात घेऊन तपासा. नव्या बाटलीत वाईन मानेत, बुचाच्या जरा खाली असायला हवी. खांद्यापर्यंत उतरली असेल तर बूच झिरपतंय. बूच वर आलेलं किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटलीने उष्णता सोसली आहे, ती परत ठेवा. काचेच्या दर्शनी खिडकीतली किंवा प्रखर दिव्याखाली उभी असलेली शेवटची बाटली घेऊ नका, आडव्या ठेवलेल्यातली मागा. फिरकीच्या झाकणाला कमी लेखू नका. बुचातल्या दोषामुळे वाईनला येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास या झाकणात जवळजवळ संभवत नाही. बुचाच्या बाटलीची पावती मात्र जपून ठेवा, अशी सदोष बाटली अनेक दुकानं बदलून देतात.

यजमान शाकाहारी असतील तर आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. वाईन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरला जातो. तो गाळासोबत काढून टाकतात, तरी काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. लेबलवर 'व्हीगन' लिहिलं असेल किंवा 'गाळलेली नाही, नितळवलेली नाही' असे दोन्ही शब्द असतील तर शंका मिटते. फक्त 'गाळलेली नाही' एवढ्यावर थांबू नका, त्या दोन प्रक्रिया वेगळ्या आहेत. आणि घरात कुणी मद्य घेतच नाही असं कळलं, तर वाईनऐवजी दुसरीच भेट न्या.

देताना किमतीचं लेबल काढा आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: केव्हापर्यंत प्यावी आणि किती थंड करावी. रेड वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला उबदार खोल्यांत फसतो. भरदार वाईन 16 ते 18 अंश सेल्सिअसला, हलकी 12 ते 14 अंशांना उत्तम लागते. खोली गरम असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये पुरतो. जुन्या बाटलीत तळाशी गाळ असतो, ती आदल्या दिवशी उभी करून ठेवायला सांगा. नेताना बाटली उन्हातल्या गाडीत सोडू नका, तासाभरात ती बिघडू शकते.

परदेशातून घरी आणायची असेल तर 750 मिलिलिटरची बाटली हातातल्या सामानात नेता येत नाही, कारण सुरक्षा तपासणीपुढे बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरची मर्यादा असते. ती चेक-इन बॅगेत, प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून, कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नाही. भरलेल्या बाटलीचं वजन सव्वा ते दीड किलो धरा. विमान बदलायचं असेल तर विमानतळावरच्या दुकानातल्या सीलबंद पिशवीवर विसंबण्याआधी, मधल्या विमानतळावर ती चालते का हे विचारून घ्या. किती लिटर करमुक्त आणता येतात ते ज्या देशात उतरणार त्याच्या सीमाशुल्क नियमांत निघण्याआधी पाहा.