एक ‘ईच’ नीट लिहा, बाकीचं रूबी बघून घेईल

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत मी अल्ट्रासोनिक सेन्सर बसवलाय. जोडीला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर रूबी ही प्रोग्रॅमिंग भाषा. दर मिनिटाला पातळीचं एक रीडिंग येतं आणि मला शेवटच्या चोवीस तासांचीच रीडिंग्ज ठेवायची असतात, म्हणजे १४४०. त्यासाठी रिंग बफरचा, म्हणजे शेवट गाठला की पुन्हा पहिल्या जागेवर येणाऱ्या साठ्याचा, छोटा क्लास (डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणारा कोड) लिहिला. आत ठरावीक लांबीचा अ‍ॅरे (ओळीनं मांडलेल्या जागा) आणि दोन आकडे: सगळ्यात जुनं रीडिंग कुठे आहे आणि एकूण किती भरलीत. जागा संपली की नवं रीडिंग सगळ्यात जुन्याच्या डोक्यावर बसतं.

मग फर्माइशी सुरू झाल्या. सेक्रेटरी काका म्हणाले, “रात्री पाणी जातं कुठं, तेवढं बघ रे.” कुणाला सगळ्यात कमी पातळीची वेळ हवी, कुणाला तासाची सरासरी. प्रत्येक प्रश्नाला क्लासमध्ये एक मेथड (नाव दिलेलं काम) लिहायची, तर तेच लूप (सगळ्या रीडिंग्जवरून फिरणारी फेरी) आणि तोच भागाकार दहा ठिकाणी पसरणार. असला कोड मला बघवत नाही.

रूबीत याला सरळ उपाय आहे. क्लासमध्ये ‘इन्युमरेबल’ हे तयार मेथड्सचं मोड्यूल इन्क्लुड करायचं, म्हणजे जोडायचं, आणि एकेक नग क्रमानं देणारी ‘ईच’ ही एकच मेथड आपण लिहायची. माझी ‘ईच’ चार ओळींची आहे: जुन्या टोकाच्या इंडेक्समध्ये (जागेच्या क्रमांकात) ‘आय’ हा ०, १, २ असा वाढत जाणारा आकडा मिळवायचा, लांबीनं भागायचं, बाकी येईल त्या जागेवरचं रीडिंग ‘यील्ड’ करायचं, म्हणजे वापरणाऱ्यानं दिलेल्या कोडच्या तुकड्याला, ब्लॉकला, सोपवायचं. ब्लॉक दिलाच नसेल तर ‘इनम_फॉर’नं इन्युमरेटर (नंतर मागू तसे एकेक नग देणारी वस्तू) परत करायचा. ही ओळ बरेच जण गाळतात आणि मग ‘ईच.विथ_इंडेक्स’ का चालत नाही म्हणून डोकं खाजवतात.

एवढ्यावर मॅप, सिलेक्ट, मिन_बाय, ग्रुप_बाय, सम असं पन्नासच्या वर सामान आयतं हातात येतं. काकांचा प्रश्न एका साखळीत सुटला. आधी सिलेक्टनं रात्री एक ते चारची १८० रीडिंग्ज काढली. पाण्याच्या लाटांमुळे आकडे नाचतात, म्हणून ईच_स्लाइसनं पाच-पाचचे गट करून सरासऱ्या घेतल्या. उरल्या ३६. ईच_कॉन्सनं शेजारच्या दोन-दोनच्या ३५ जोड्या केल्या आणि फरक काढले. कुणी नळ सोडला असता तर एक-दोन जोड्यांत मोठी घट दिसली असती. इथे जवळजवळ सगळ्या जोड्यांत थोडी थोडी, सारखीच घट. म्हणजे गळती, बहुधा एखाद्या फ्लशची.

आता फुकटातल्या मालाबद्दल. इन्युमरेबलला तुमच्या डेटाची आतली मांडणी ठाऊक नसते, त्याला फक्त ‘ईच’ दिसते. त्यामुळे ‘साइज’, ‘एम्प्टी?’ आणि ‘लास्ट’ मिळतच नाहीत. ‘काउंट’ मिळतो, पण तो पहिल्यापासून एकेक मोजत जातो. ‘रिव्हर्स_ईच’ तर आधी सगळ्याचा तात्पुरता अ‍ॅरे बनवते आणि मग उलटी चालते. मला ताजी दहा रीडिंग्ज सारखी लागतात, म्हणून ही मेथड मी स्वतः लिहिली. रिंग बफरमध्ये मागे जाणं हे पुढे जाण्याइतकंच सोपं आहे. तुमचा बायनरी सर्च ट्री (लहान डावीकडे, मोठं उजवीकडे अशी झाडासारखी मांडणी) असेल तर नग आहे का ते सांगणारी ‘इन्क्लुड?’ नक्की ओव्हरराइड करा, म्हणजे स्वतःची लिहा, नाहीतर झाड असूनही शोध रांगेतूनच होईल.

मॅप आणि सिलेक्ट रिंग बफर नाही, साधा अ‍ॅरे देतात. यावर नाक मुरडणारे आहेत, मला मात्र साधा अ‍ॅरे मिळणंच रास्त वाटतं. गाळून घेतलेल्या १८० रीडिंग्जना गोल फिरायची गरजच काय?

बाकी भाषांतही हाच घाट. रस्ट भाषेतला इटरेटर ट्रेट (इन्युमरेबलसारखाच मेथड्सचा संच) तुमच्याकडून फक्त ‘नेक्स्ट’ मागतो. जावात २०१४ साली आठव्या आवृत्तीनं इंटरफेसमध्ये (क्लासनं कोणत्या मेथड्स द्यायच्या त्या यादीत) डिफॉल्ट, म्हणजे आयत्या लिहिलेल्या, मेथड्स आणल्या, तेव्हा ‘इटरेबल’ला ‘फॉरईच’ मिळाली.

माझ्याकडे एक काम बाकी आहे. सेन्सरचा थ्रेड (प्रोग्रॅममधलं एकाच वेळी चालणारं वेगळं काम) लिहीत असताना दुसरा थ्रेड वाचायला आला, तर फेरी अर्ध्यात असताना जुन्याच्या जागी ताजं रीडिंग येऊ शकतं. ‘ईच’मध्ये शिरताच म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घेऊन अ‍ॅरेची आणि दोन्ही आकड्यांची प्रत काढायची आणि फेरी त्या प्रतीवर मारायची, असं ठरवलंय. १४४० नगांची प्रत रास्पबेरी पायला जड नाही, आणि बदल एकाच मेथडमध्ये करायचाय.