मान टाकलेली कोथिंबीर

सकाळी बाजारातून आणलेली कोथिंबीर दुपारपर्यंत पार मान टाकून बसली होती. देठांची टोकं कापून जुडी गार पाण्यात उभी ठेवली आणि दीड-दोन तासांत पानं पुन्हा ताठ! शाळेत 'परासरण' (कमी विरघळलेल्या बाजूकडून जास्त विरघळलेल्या बाजूकडे पातळ पडद्यातून पाणी जाणं) शिकले होते, आज ते ओट्यावर घडताना बघितलं.

पेशीत साखर, क्षार विरघळलेले असतात, म्हणून साधं पाणी पेशीपटलातून आत शिरतं. रिक्तिका, म्हणजे पेशीच्या आतली पाण्याची पिशवी, फुगते, पेशीभित्तिकेला आतून रेटते. हा दाब कित्येकदा गाडीच्या टायरमधल्या दाबाहूनही जास्त असतो. एवढ्याशा पानात! ताजी काकडी कर्रकन मोडते तीही अशा टम्म फुगलेल्या पेशींमुळेच.

संध्याकाळी खमंग काकडी केली, तिथे नेमकं उलटं. मीठ बाहेर, म्हणून पाणीही बाहेर. आई चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवायची, पाणी सुटलं की पिळून मग दाण्याचं कूट, वर फोडणी. मी मीठ अगदी पानं घेताना घालते, कारण मला काकडी दाताखाली कुरकुरीत लागायला हवी. आईचं ते पिळलेलं पाणी मात्र कधी वाया गेलं नाही, थालिपीठाच्या पिठात जायचं. त्या थालिपिठांची चव अजून आठवते.