भंडारदऱ्याचे काजवे: तंबू पाण्याकाठी, काजवे भलतीकडे

भंडारदऱ्याला काजवे बघायला जायचंय आणि हाताशी फक्त शनिवारची रात्र आहे, असं असेल तर बेत रद्द करा. दुसरं म्हणजे, काजव्यांच्या नावाखाली धरणाकाठच्या तंबूचे पैसे भरू नका. एवढं वाचून थांबलात तरी चालेल. पण कारणं कळली तर पुढच्या हंगामात खरोखर काहीतरी बघून याल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तंबूंचं. मे महिना लागला की मोबाइलवर जाहिरातींचा मारा सुरू होतो. लेकसाइड कॅम्पिंग, काजवा स्पेशल, बार्बेक्यू, संगीत, सकाळी पोहे, माणशी हजार-दीड हजार. त्यात कुठेही न लिहिलेली गोष्ट अशी की, मेअखेर धरणाचं पाणी तळाला गेलेलं असतं. पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली भेगाळ, खडकाळ जमीन म्हणजेच तो ‘लेकसाइड’. तिथे झाड नाही, पाचोळा नाही, गवताचं पातं नाही. काजव्याच्या अळ्या ओल्या मातीत आणि पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. उघड्या गाळात त्यांचं काय काम? वर प्रत्येक तंबूला दिव्यांच्या माळा आणि रात्री अकरापर्यंत स्पीकर. तिथे एकही काजवा दिसला नाही तर नवल नाही. आयोजक मग जेवणं उरकून साडेआठ-नऊला ‘पॉइंट’ दाखवायला नेतात, तेही आपापल्या गाडीने, आठ-दहा किलोमीटर लांब. ऐन बहराची वेळ ताटावर गेलेली असते आणि उरलेली रस्त्यावर जाते.

हा रस्ताच सगळ्या सहलीचा कळीचा टप्पा आहे. शेंडी गाव सोडून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरकडे जाणारा. झाडी इथे चांगली आहे, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, त्यामुळे काजवेही इथेच. रस्ता मात्र जेमतेम दोन गाड्या एकमेकींना घासून जातील एवढा. शनिवारी संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत इथे दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधून जाणारी एक रांग, समोरून येणारी दुसरी, आणि त्यात एखादी मिनीबस आली की सगळं ठप्प. अडकलेला प्रत्येक जण दिवे चालू ठेवतो, कुणी अपर-डिपर मारतो, कुणी हॉर्न. ज्या झाडासाठी दीड-दोनशे किलोमीटर आलात त्या झाडावर वीस-पंचवीस हेडलाइटचा झोत पडलेला असतो आणि झाड काळंठिक्कर. लोक म्हणतात, ‘या वर्षी काजवेच नाहीत.’ काजवे असतात. ते विझलेले असतात.

हे समजायला काजव्याचं जगणं माहीत हवं. उडणारे, लुकलुकणारे बहुतेक नर. मादी खाली गवतात किंवा झुडपावर बसून नराचा इशारा ओळखते आणि आपल्या प्रकाशाने उत्तर देते. त्यावरून नर तिच्यापर्यंत पोचतो. प्रौढ काजव्याला यासाठी मोजके दिवस मिळतात, फार तर दोन-तीन आठवडे. प्रखर उजेडात इशारे दिसतच नाहीत, मग नर लुकलुकणं थांबवतो किंवा उगाच भरकटतो. म्हणजे एका हेडलाइटने आपली पाच मिनिटं वाया जातात, पण त्या किड्याची रात्र वाया जाते, आणि अशा रात्री त्याच्याकडे फार नसतात. शिवाय रस्ता सोडून गवतात शिरणारा माणूस नेमका माद्यांवर पाय देतो. म्हणून डांबरावरच उभं राहायचं. फोटोसाठी दोन पावलं आत जायचा मोह अजिबात नको.

यावर उपाय एकच: पाचच्या आत गावात पोचायचं, गाडी तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायची आणि सकाळपर्यंत तिला हात लावायचा नाही. पुढचं सगळं पायी. गाडीच्या बाबतीत चुका कुठे होतात तेही सांगतो. रिमोटने लॉक केलं की चारही इंडिकेटर लुकलुकतात, तेव्हा अंधारात रिमोट दाबू नका. काही लागणारं सामान उजेड असतानाच काढून घ्या. दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, तो आधीच बंद करून ठेवा. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, इंजिन सुरू की दिवा सुरू. त्यामुळे दुचाकीवाल्यांनी झाडांपर्यंत गाडी नेऊच नये. हातातली बॅटरी (टॉर्च) लागतेच, कारण या दिवसांत सह्याद्रीत फुरसं हा विषारी साप आणि विंचू दोन्ही बाहेर असतात. तिच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोन थर रबराने बसवा आणि झोत फक्त पायापुढच्या जमिनीवर ठेवा. हेडटॉर्चला लाल दिवा असेल तर उत्तम. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. डासांचं मलम घरून लावून निघा, तिथे झाडांजवळ फवारे मारू नका.

आता फोटोंबद्दल, कारण निम्मी निराशा त्यांच्यामुळेच होते. जंगलभर सोन्याचा सडा पडलेला जो फोटो फिरत असतो, तो डोळ्यांना दिसणारा क्षण नाही. वीस-तीस सेकंदांची एकेक फ्रेम, अशा कित्येक फ्रेम एकावर एक चढवून तो बनतो, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासातली सगळी लुकलुक एकाच कागदावर. तसं दृश्य समोर उभं राहील या अपेक्षेने गेलात तर पहिली दहा मिनिटं फसल्यासारखं वाटेल. डोळा अंधाराला सरावायला किमान वीस मिनिटं लागतात. मधे एकदा मोबाइलचा पडदा पाहिला की ती सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल बंद करून खिशात, हे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचं काम. शहरात आपण पूर्ण काळोखात कधी नसतोच. घरातही राउटरचा, इन्व्हर्टरचा, चार्जरचा दिवा जागा असतो, खिडकीतून रस्त्याचा उजेड येतो. काळोखात नुसतं उभं राहायची सवय गेलेली असते, आणि पाचव्या मिनिटाला हात आपोआप खिशाकडे जातो. तेवढा वेळ निभावून न्या.

कारण त्यानंतर जे दिसतं त्याला तोड नाही. आधी एखादं-दुसरं टिंब, मग फांद्यांच्या टोकांना, मग बुंध्यापर्यंत. भरलेलं झाड असेल तर काजवे एका तालावर येतात: सगळं झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं, आणि ती लाट शेजारच्या झाडावर सरकते. आवाज कसलाही नाही. जवळच्या झुडपावर एखादा बसलेला सापडला तर श्वास रोखून बघा. शेपटाकडची शेवटची एक-दोन वळ्यं तेवढी फिकट हिरवट-पिवळी पेटतात, वरचे पंख काळपटच राहतात. त्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. पकडून बाटलीत घालू नका, फांदी हलवू नका. लहान मुलं बरोबर असतील तर हे घरीच समजावून न्या. मुलांना हे दाखवायलाच हवं, माझं ठाम मत आहे. मुंबई-पुण्यात वाढणाऱ्या पोराला हे घराच्या आसपास दिसायची शक्यता आता फारच थोडी.

कधी जायचं, याचं उत्तर इंग्रजी तारखेत मागू नका. दोन-तीन वळीव होऊन माती भिजली, हवेत दमट उकाडा आला की काजवे वर येतात. साधारण रोहिणी नक्षत्रात, म्हणजे २५ मेच्या सुमारास, जोर धरतात. मृगाचा पाऊस नीट बसला, संततधार सुरू झाली की ओसरतात. मधले दोन-तीन आठवडे आपले. पण वर्षावर्षाचा फरक मोठा असतो. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. अशा वर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारचं आगाऊ आरक्षण काय कामाचं? म्हणून महिनाभर आधी पैसे भरण्याऐवजी गावातल्या माणसाचा फोन नंबर मिळवा आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून विचारत राहा: वळीव झाला का, झाडं भरली का. तो हो म्हणाला की दोन दिवसांत निघा, आठवड्याच्या मधल्या वारी. सोमवार ते गुरुवार तोच रस्ता रिकामा असतो. रजा टाकावी लागते, हे खरं. लग्नकार्याला टाकतो, तशी इथेही टाकावी.

चंद्राचा हिशेब पंचांगावरून सोपा आहे. या दिवसांत संकष्टीला चंद्रोदय रात्री दहाच्या आसपास किंवा त्यानंतर होतो हे उपास करणाऱ्या घरात सर्वांना ठाऊक असतं. तेव्हा संकष्टीपासून अमावास्या ओलांडून शुद्ध द्वितीया-तृतीयेपर्यंत संध्याकाळ काळोखी मिळते. पौर्णिमेच्या अलीकडचा आठवडा टाळा. अंधार पावणेआठला होतो, आठ ते दहा ही खरी वेळ. ढगाळ, कुंद, वारा पडलेली रात्र सर्वांत चांगली. सर येऊन गेली तर परतू नका, अर्धा तास थांबा. जोराचा वारा असेल तर मात्र आशा सोडा.

राहायला उडदावणे, पांजरे, मुरशेत किंवा पलीकडच्या अंगाला रतनवाडी, साम्रद इथली घरं. जेवण साधं: पिठलं, नागलीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, सांगितलं तर कोंबडी. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. झाडं घरापासून चालत किती मिनिटं? अंगणातला दिवा आठ ते दहा बंद ठेवाल का? त्या रात्री आणखी किती माणसं आहेत? वाट दाखवणाऱ्याचे पैसे धरून दर किती? पहिल्या प्रश्नाला ‘गाडीने जवळच आहे’ असं उत्तर आलं तर दुसरं घर बघा.

पैशांच्या बाबतीत शनिवारी हंगामी लूट चालते, हे न लपवता सांगायला हवं. परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ सालचं अभयारण्य आहे, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क आहे आणि ते द्यायलाच हवं. छापील पावती मिळते, ती जपून ठेवा, पुढे पुन्हा विचारू शकतात. पण त्यापलीकडे रस्त्याच्या कडेला दोरी बांधून ‘पार्किंग’ म्हणून, शेताच्या बांधावर ‘एंट्री’ म्हणून पैसे मागितले जातात. पावती मागा. नसेल तर देऊ नका, पुढे चला. घरात उतरलेल्या पाहुण्याला हा त्रास होत नाही, गाडी अंगणात असते. रात्री ठरावीक वेळेनंतर वाहनं आत सोडत नाहीत आणि ती वेळ हंगामाच्या सुरुवातीला जाहीर होते, तीही फोनवर विचारून घ्या. रोख रक्कम बरोबर हवीच. आतल्या गावांत मोबाइलला रेंज धड नसते, तिथे यूपीआयच्या भरवशावर राहून चालत नाही. पैसे काढणं, पेट्रोल, औषधं, सगळं घोटीला किंवा राजूरला उरकून घ्या.

दिवसभर काय करायचं? रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा, ते सुंदर आहे. सांदण दरीत वळीव पडायला लागल्यावर उतरू नका, वरून एकदम पाणी येतं. कळसूबाई शिखर करायचं असेल तर पायथ्याच्या बारी गावातून पहाटे पाचला सुरुवात, नाहीतर उन्हाने शिड्या तापतात. बाकी दुपारी झोपा.

मुंबईहून नाशिक महामार्गाने घोटी, तिथून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी समृद्धी महामार्ग खुला आहे, त्यामुळे चारचाकीला कसारा घाट टाळता येतो. दुचाकींना समृद्धीवर परवानगी नाही. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. दोन्हीकडून सकाळी निघालात तर पाचच्या आत सहज पोचता.

भंडारदऱ्याचा हट्ट नसेल तर याच अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी बघा. तिथे गावच सगळी व्यवस्था बघतं आणि काजव्यांकडे पायीच नेतं. मुंबई-पुणेकरांना राजमाची, सिद्धगड, प्रबळमाचीही आहेत. राजमाचीला शनिवारी भंडारदऱ्याइतकीच गर्दी असते.

गाडी नसणाऱ्यांनी रेल्वेने इगतपुरी गाठावं, तिथून घोटी आणि घोटीहून शेंडीकडची जीप किंवा एसटी. संध्याकाळनंतर वाहन मिळेल या भरवशावर राहू नका, दुपारी तीनच्या आत घोटी सोडा. शेंडीपासून पुढे गावापर्यंत आणायची सोय ज्यांच्याकडे उतरणार त्यांनाच आधी सांगून ठेवा. ऐन वेळी शेंडीत गाडी ठरवली तर दाम दुप्पट पडतो आणि चालक रात्री झाडांपाशी इंजिन व दिवे चालू ठेवून थांबतो.