पहिला पीसी, नोंद ३ : बोर्ड गेलेला नव्हता

मागच्या नोंदीत सामान फोंड्याला येऊन पोचलं, इथवर सांगितलं होतं. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा चार रॅम-स्लॉटवाला मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबीची एनव्हीएमई (साठवणीची एसएसडी). ग्राफिक्स कार्डाचे पैसे अजून जमायचेत, पण ७६००च्या पोटातच कामापुरतं ग्राफिक्स आहे, म्हणून मॉनिटर सरळ बोर्डाला.

शनिवारी रात्री जोडणी पूर्ण. बटण दाबलं तर हूं की चूं नाही. हे लवकर निपटलं. कॅबिनेटच्या बटणाची वायर बोर्डावर एक पिन सरकून बसली होती. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॉवरच्या दोन पिना क्षणभर जोडल्या आणि पंखे फिरले.

पंखे फिरले आणि तिथेच गाडी अडली. मॉनिटर काळा. बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पिवळा दिवा लागला तो लागलाच. मिनिटभर वाट बघायची, बंद करायचं, स्टिक काढून पुसून परत बसवायची, पुन्हा चालू. असं पाच वेळा. सहाव्या वेळी धीर सुटला आणि प्रोसेसरच उचलला. या बोर्डाच्या एएम५ प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात, आणि त्या १७१८ आहेत. टॉर्च तिरका धरून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून एकेक रांग तपासली. वाकलेली एकही नाही. कूलरखालची पेस्ट पुसून नवी लावेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. झोपताना मनात पक्कं झालं होतं की बोर्ड गेला. विक्रेत्याला पाठवायचा मजकूरसुद्धा लिहून ठेवला, बराच तिखट.

रविवारी दुपारी शेवटचं म्हणून चालू केलं, आणि पाऊस आला. मेअखेरचा, न सांगता येणारा. आईने अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती. आम्ही दोघं धावलो. सुपं, चटया, वर झाकलेली जुनी साडी, सगळं ओसरीवर आणेपर्यंत दहा मिनिटं गेली. हात लालभडक. खोलीत आलो तर समोर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचा पडदा.

डीडीआर५ पहिल्यांदा जोडली की बोर्ड आधी तिचं 'ट्रेनिंग' करतो. त्या स्टिकशी सिग्नलची वेळ नेमकी कशी जुळते ते पुनःपुन्हा तपासून, सापडलेली मूल्यं साठवून ठेवतो. याला काही मिनिटं लागतात, आणि तोवर पडदा काळाच राहतो. पुढच्या वेळी साठवलेलं वापरलं जातं, म्हणून लगेच उठतो. मी मात्र दर वेळी अर्ध्यावर वीज तोडत होतो आणि स्टिक हलवून त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावत होतो. तिखट मजकूर खोडला.

आता करंटचं प्रकरण. कॅबिनेटचा स्क्रू घट्ट करताना बोटाला मुंग्या आल्या. पाय उघडे, जमीन ओलसर. आई दारातून म्हणाली, "करंट मारता रे तुका?" मी नाही म्हणालो आणि टेस्टर लावला. दिवा पेटला. मल्टिमीटरने कॅबिनेटचा पत्रा आणि न्यूट्रल यांच्यात मोजलं तर ११०च्या आसपास व्होल्ट.

एसएमपीएस फुटला असं वाटलं, पण हा आकडाच खूण आहे. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून एक आणि न्यूट्रलपासून एक असे बारीक कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून होणारी किंचित गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३०च्या साधारण निम्म्यावर. मग सॉकेट तपासलं. फेज आणि अर्थ यांच्यात २३० यायला हवे होते, आकडा ७० ते ९०मध्ये नाचत होता. अर्थचं भोक नुसतं शोभेचं.

आमचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं. अर्थिंगचा पाइप मागे विहिरीजवळ, माडाच्या बुंध्याशी. वायरमन आला, कुदळीने माती सारली आणि हसला. पाइपला वायर बांधलेला नट-बोल्ट गंजून नुसता पोपडा राहिला होता, वायर शेजारी मोकळी पडलेली. जांभ्याची जमीन मेमध्ये ठणठणीत कोरडी, म्हणजे वायर जागेवर असती तरी फार उपयोग झाला नसता. नवा क्लॅम्प, कोळसा, खडेमीठ आणि विहिरीचं चार कळश्या पाणी. परत मोजलं, फेज-अर्थ २३१. टेस्टर पत्र्यावर विझला. फ्रीजलाही अधूनमधून मुंग्या यायच्या, त्याही गेल्या. आई हे कित्येक वर्षं सांगत होती, ही वेगळी गोष्ट.

राहिली रॅम. पाकिटावर वेग ६०००, बायोसमध्ये ३६००. एक्स्पो (पाकिटावरचा वेग लावणारी बायोसमधली सोय) चालू केलं की काळोख, मग बोर्ड स्वतःच माघार घेऊन परत ३६००वर. दोन्ही स्टिक एकेकटी मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) स्वच्छ. पुन्हा विक्रेत्याला लिहायला घेतलं होतं, पण आदल्या दिवसाची लाज ताजी होती, म्हणून ३६०० हाच आकडा का, ते शोधत बसलो. सापडलं ते असं: रायझनवाली एएमडी ७०००च्या प्रोसेसरांना एका चॅनलवर (प्रोसेसर ते रॅम अशी वाट; माझ्या बोर्डावर दोन, प्रत्येकीला शेजारचे दोन स्लॉट) एक स्टिक असेल तर ५२००पर्यंतची अधिकृत हमी देते, दोन असल्या तर ३६००ची. म्हणजे बोर्डाच्या मते माझ्या दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर होत्या. झाकण उघडलं. प्रोसेसरकडून मोजत तिसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, शेजारी शेजारी, छान दिसतात म्हणून बसवलेल्या. हव्यात दुसऱ्या आणि चौथ्यात. बोर्डावर तसं छापलेलंही आहे, कूलरच्या पंख्याआड.

दुसरा आणि चौथा का, पहिला आणि तिसरा का नाही, याचं उत्तर मला आवडलं. एका चॅनलची तार आधी जवळच्या स्लॉटला शिवून मग लांबच्याला जाते. जवळच्यात स्टिक आणि लांबचा रिकामा, तर तारेचं शेपूट मोकळं राहतं आणि सिग्नल त्यावर आपटून मागे फिरतो. स्टिक टोकाला बसवली की शेपूटच उरत नाही.

स्टिक हलवली. ट्रेनिंग पुन्हा सुरू, या वेळी मी चहा टाकायला गेलो. परत आलो तर ४८००, ड्युअल चॅनल. एक्स्पो लावलं, ६०००.

रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. मोफत आवृत्तीत चार पास, म्हणजे तपासणीच्या फेऱ्या, होतात. तिसऱ्या पासला डिचोलीच्या दिशेने गडगडलं आणि लाईट गेली. दोन पास तरी चुकीविना झाले होते. घरच्या इन्व्हर्टरवर जोडावं का, याचा विचार चालू आहे. तो शुद्ध साइनवाला (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) नाही, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज लाटेबरहुकूम खेचणाऱ्या सर्किटचे) एसएमपीएस तसल्या लाटेवर कधी कधी बंद पडतात. कुणी असं चालवून पाहिलं असेल तर वॉटसकट सांगा. तोवर ढग दिसले की मी प्लग उपटतो.