भांडी बाजारातून वेबसाइटवर: आमची वाटचाल

नाशिकच्या भांडी बाजारातल्या आमच्या तांब्या-पितळेच्या दुकानाची वेबसाइट बाबांनी आणि मी मिळून घरी बनवली. मी बी.कॉम. झालेली, कोडिंगचा गंधही नव्हता. तरी हे काम बाहेर दिलं नाही, कारण त्यातला अवघड भाग संगणकाचा नव्हता. गिऱ्हाइकाला काय विचारायचं असतं आणि त्याला खरं उत्तर काय द्यायचं, हा तो भाग. ते आमच्याशिवाय कोण लिहिणार?

दुकान आजोबांचं. त्यांच्या काळात तांबट आळीतल्या ठोक्यांचा आवाज आमच्या गादीपर्यंत यायचा. मग स्टेनलेस स्टील आलं आणि घरोघरची घंगाळं, बंब, हंडे मोडीत निघाले. त्या वर्षांत आम्हाला देवपूजेनं तगवलं. ताम्हण, पळी-पंचपात्री, समई, निरांजन, अभिषेकपात्र यांची जागा स्टीलला घेता आली नाही. 2015च्या सिंहस्थात रामकुंडावरून गोदावरीचं पाणी न्यायला लोकांनी तांब्याचे गडू घेतले. ते परत गेल्यावर गावोगावहून फोन सुरू झाले: तसाच अजून एक हवाय, मोठा आहे का, पाठवता का? पुढे लोक स्वयंपाकासाठीही पितळ मागू लागले आणि फोन वाढले.

प्रश्न तेच ते असायचे. पितळेच्या पातेल्यात आमटी चालते का? कल्हई किती टिकते? सहा माणसांच्या भाताला केवढं पातेलं लागेल? बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून समजावून सांगत, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ताटकळत राही. हे सगळं एकदाच नीट लिहून ठेवावं आणि फोन करणाऱ्याला तो दुवा पाठवावा, एवढ्याच हेतूनं वेबसाइटचा विचार सुरू झाला.

आधी तयार नमुने पाहिले. देखणे होते, पण त्यांत आधीच भरलेला मजकूर 'दर्जा आणि विश्वासाची परंपरा' अशा थाटाचा. ते वाक्य सिमेंटच्या दुकानालाही चालेल आणि मिठाईच्याही. आमच्या पातेल्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. शिवाय ओळखीच्या एका व्यापाऱ्याचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ती बनवणाऱ्यानं स्वतःच्याच नावावर घेतलेलं होतं. पुढे व्यवहार बिनसला आणि दुकानाचं नावच दुसऱ्याच्या हातात राहिलं. म्हणून नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच सांगते: काम कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलनं घ्या आणि दरवर्षीचं नूतनीकरण चुकवू नका. देवनागरीतलं .भारत हे नाव 2014 पासून मिळतं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण आमचे बरेच लोक पत्ता रोमन अक्षरांत टाइप करतात, म्हणून आम्ही .इन घेतलं.

शिकायला संगणकातलं साधं नोटपॅड पुरलं. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत 1991 मध्ये जी पहिली वेबसाइट मांडली, तिच्यात नुसता मजकूर आणि दुवे होते. हे कळल्यावर मला फार धीर आला. शीर्षक, परिच्छेद, चित्र आणि दुवा या एचटीएमएलच्या खुणा आल्या की पान उभं राहतं. ते घरच्या संगणकावर इंटरनेटशिवायही उघडून बघता येतं. रंग, अक्षरांचा आकार, समास हे सीएसएसचं काम, ते नंतर केलं तरी चालतं. फाइलींची नावं मात्र पहिल्यापासून लहान रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्यावीत. विंडोजला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पडत नाही, वेबसाइट ज्यांवर ठेवतात त्या बहुतेक सर्व्हरना पडतो. त्यामुळे घरी दिसणारा फोटो सर्व्हरवर गेल्यावर दिसेनासा होतो आणि नवशिक्याला कारण सापडत नाही. पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळही सुरुवातीलाच घालावी, नाहीतर फोनवर अख्खं पान मुंगीएवढं दिसतं. आमचं बहुतेक गिऱ्हाईक फोनवरूनच बघतं.

मराठीसाठी थोडी वेगळी काळजी लागते. आमची जुनी दरपत्रकं छापखान्याच्या जुन्या फॉन्टात होती. तो मजकूर उचलून पानावर टाकला की निरर्थक चिन्हं उमटतात, म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखंच वाचता येईल अशा पद्धतीत, नव्यानं टाइप केलं. पानावर यूटीएफ-8 या युनिकोडच्या प्रकाराची नोंद केली आणि भाषा मराठी असल्याचंही सांगितलं, म्हणजे पान वाचून दाखवणारी यंत्रं उच्चार बरोबर करतात. अक्षरांसाठी मुक्ता हा मोफत फॉन्ट घेतला. दोन ओळींतलं अंतर इंग्रजी पानापेक्षा जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. बाबांनी पान डोळ्यांजवळ न नेता वाचलं, तेव्हाच ते अंतर पक्कं केलं.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरानं घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत कळकतो, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला आतून कथलाची कल्हई लागते. भांडं तापवून नवसागरानं साफ करतात, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पसरवतात. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाणी किंवा डाळ असेल तोवर आच तिथवर पोचत नाही, पण रिकामं भांडं गॅसवर राहिलं की कल्हई सुटते. बाबांचा सल्ला आम्ही ठळक अक्षरांत घातला: फोडणी पितळेच्या पातेल्यात करू नका, लोखंडी कढल्यात करून वरून ओता. तांब्याच्या कळशीत पाणी ठेवा, ताक किंवा लिंबूसरबत ठेवू नका. हे पान आज सगळ्यात जास्त वाचलं जातं. माझ्या मते छोट्या दुकानाच्या वेबसाइटची किंमत अशाच पानावर ठरते.

फोटोंनी चांगलीच परीक्षा घेतली. चकचकीत पितळेत ट्यूबलाइट, फोन आणि फोटो काढणारा असे तिघेही दिसतात. शेवटी खिडकीला पांढरं धोतर लावलं, दिवे बंद केले आणि सकाळच्या उजेडात फोटो काढले, तेव्हा ठोक्यांचे पैलू उठून दिसले. प्रत्येक भांडं हातात धरलेलं एकदा दाखवलं, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. फोनमधला फोटो काही एमबींचा असतो. तो बाराशे पिक्सेल रुंदीवर आणून दोनशे केबीच्या आत बसवला की खेड्यातल्या नेटवरही पान पटकन उघडतं.

भावाचा प्रश्न आमच्या धंद्यात अवघडच. हातानं घडवलेली दोन भांडी एका वजनाची नसतात आणि धातूचा भाव बदलत राहतो. म्हणून आम्ही किलोचा भाव, तो बदलल्याची तारीख आणि भांड्याचं अंदाजे वजन देतो. ऑनलाइन पैसे भरण्याची सोय अजून ठेवलेली नाही. प्रत्येक भांड्याखाली व्हॉट्सअॅपचा दुवा आहे. तो दाबला की भांड्याचं नाव आपोआप लिहून येतं, आम्ही नेमक्या नगाचं वजन आणि रक्कम कळवतो आणि यूपीआयवर व्यवहार पुरा होतो. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवरच पैसे घेण्याची सोय, बसवायची असेल तर परताव्याचे नियम, गोपनीयता धोरण आणि संपर्काचा पूर्ण पत्ता ही पानं आधी तयार ठेवावी लागतात. पत्त्याजवळचं कुलूप, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्र, याला पैसे मोजायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून ते मोफत देते, आणि सर्व्हरवर जागा देणाऱ्या बऱ्याच होस्टिंगमध्ये ते एका बटणावर लागतं.

पहिल्या पानावर वरती एक ओळ मुद्दाम मोकळी ठेवली आहे. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतात, कारण मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजतात. 2008, 2016 आणि 2019 चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. माल वर हलवायचा दिवस आला की मी फोनवरूनच ती ओळ बदलते: आज दुकान बंद, फोन चालू. लांबून येणाऱ्याचा हेलपाटा वाचतो. खाली येण्याची वाटही लिहिली आहे, कारण नकाशा गाडी थेट बोळात घालायला सांगतो. गाडी बाहेर लावून रविवार कारंजा चौकातून चालत येणं सोपं.

आता हिंदी पानांचं काम चालू आहे. 2027च्या सिंहस्थाला राज्याबाहेरून येणाऱ्यांना गडू, कमंडलू आणि पूजेच्या भांड्यांची माहिती त्यांच्या भाषेत मिळावी, ही बाबांची इच्छा. यांत्रिक भाषांतर 'कल्हई'पाशी अडखळतं, म्हणून तेही आम्ही हातानंच लिहितो आहोत. आणि जुन्या भांड्यांना कल्हई करून देण्याचं काम आम्ही घेतो. घरात आजीचं पातेलं पडून असेल तर ते पाठवण्याआधी आतल्या बाजूचा आणि बुडाचा फोटो पाठवा. बूड पातळ झालं असेल किंवा चीर असेल तर ते आम्ही आधीच सांगू, तुमचा पाठवणीचा खर्च वाया जाणार नाही.