टाच बरी झाली होती, दुखणं थांबलं नव्हतं

मी सहावीला इतिहास शिकवते. दर हिवाळ्यात मुलांना नाशिकच्या पांडवलेणीला नेते आणि तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख दाखवते. सलग दोन वर्षं मात्र मी पायथ्याशीच बसून राहिले, मुलं दुसऱ्या मॅडमबरोबर वर गेली.

सुरुवात उजव्या टाचेपासून झाली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा रुतल्यासारखी कळ यायची, दहा-बारा पावलांनी ओसरायची. सासूबाईंनी तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेक दिला, तेवढ्यापुरतं बरं वाटे. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि मी घाबरले. (असं हाड काहीच दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांनाही असतं, हे मला फार उशिरा कळलं.) सोनोग्राफीत तळव्याचा पट्टा, म्हणजे प्लांटर फॅशिया, ५.८ मिलिमीटर जाड निघाला. ४ च्या वर गेला की सुजलाय असं धरतात. मग सिलिकॉनच्या गाद्या, मऊ चपला, गोळ्या, शेवटी टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन. दीड महिना सुखाचा गेला आणि कळ परत आली.

वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी केली. जाडी ३.९. "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्ही फार विचार करता," असं मला सांगण्यात आलं. परतताना रिक्षात मी रडले. कारण दुखणं वाढलं होतं. डावी टाचही धरली होती, पोटऱ्या ठणकायच्या, थंडीत फरशीचा चटका बसायचा आणि रात्री चादरीचा काठ टाचेला घासला तरी झोप उडायची.

मग एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी आधी टाचेला हातच लावला नाही. झोप किती, घरी काय चाललंय, आणखी कुठे दुखतं, हे विचारत बसल्या. त्या वर्षी वडील गेले होते आणि मी रात्री चार तासही झोपत नव्हते. साखर, बी-१२, घोट्यापाशी दबणारी नस, संधिवात, हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायला लावलं. त्यात काही निघालं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, दुखणं खरं आहे. पण आता ते टाचेपेक्षा मज्जासंस्थेत जास्त आहे."

मला कळेना. तेव्हा त्यांनी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं उदाहरण दिलं. गोदावरीला पूर आला की आपण पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं बोलतो. "तुमच्या टाचेत पाणी घोट्याएवढंच आहे, पण वर मेंदूला निरोप जातोय की गळ्याला लागलं." बराच काळ वेदनेचे संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी जास्त उत्तेजित होतात, मग साधा स्पर्शही वेदना म्हणून पोचतो. शास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं होतं. अपुरी झोप आणि ताण यांनी ही संवेदनशीलता आणखी वाढते. मला कुणीतरी वेडं न ठरवता हे समजावलं, त्याने निम्मी भीती त्याच दिवशी गेली.

उपाय कंटाळवाणे होते. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलायच्या: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हाच व्यायाम तपासला होता. तीन महिन्यांनी तो नुसत्या तळवा ताणण्याच्या व्यायामापेक्षा सरस ठरला, वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारख्याच ठिकाणी पोचले. मला त्याचा फायदा झाला तो पायावर विश्वास परत बसण्यासाठी. दुखणं दहापैकी चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत उतरायला हवं, हा नियम. चालणंही घड्याळावर. आठ मिनिटं म्हणजे आठच, बरं वाटलं म्हणून जास्त नाही आणि दुखलं म्हणून कमी नाही. रोज संध्याकाळी पाच मिनिटं अनवाणी फरशीवर, टाचेला कधी खडबडीत, कधी मऊ कापड लावायचं. रात्री साडेदहाला दिवा बंद. माझ्या मते सगळ्यात जास्त गुण झोपेचा आला.

दिवाळीच्या साफसफाईत सगळं उलटलं. चार दिवस पुन्हा चादर टोचू लागली. पूर्वी मी लगेच नवा एक्स-रे काढला असता. या वेळी दोन दिवस पायावरचा भार कमी केला, व्यायाम सोडला नाही. आठवड्यात पूर्वपदावर आले.

टाच दुखणाऱ्या प्रत्येकाला हेच असेल असं नाही. बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात साध्या उपायांनीच जाते. पण रिपोर्ट सुधारला आणि वेदना पसरत चालली असेल, तर दुखणं मज्जासंस्थेत तर नाही ना, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

या जानेवारीत मी मुलांबरोबर पांडवलेणी चढले. निम्म्या वाटेवर टाच ठणकली, दहापैकी तीनच्या आसपास. दोन मिनिटं थांबले, पुन्हा निघाले. तिसऱ्या लेण्यात पोचल्यावर चपला काढून गार दगडावर उभी राहिले आणि पूर्ण धडा तिथेच शिकवला.