दोहातील दोन सामने आणि पाठीराख्यांची वर्तणूक: सोलापूरहून गेलेल्या चौघांचा वृत्तांत

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन भरात असताना, १६ जानेवारी २०२४ च्या रात्री, आम्ही चौघे सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला निघालो आणि दुसऱ्या दिवशी कतारच्या राजधानीत, दोहाला उतरलो. आशियाई चषक फुटबॉल स्पर्धेत भारताचे दोन सामने उरले होते. १८ तारखेला उझबेकिस्तानशी आणि २३ तारखेला सीरियाशी. १३ तारखेचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना आम्ही घरीच पाहिला होता. त्यात पूर्वार्ध गोलशून्य राखूनही आपण ०-२ ने हरलो, तरी जायचे ठरले ते ठरलेच. आमच्यापैकी तिघे पन्नाशी ओलांडलेले, रेल्वे वसाहतीच्या मैदानावर एके काळी एकत्र खेळलेले. चौथा माझा एकवीस वर्षांचा भाचा. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत भारत कतारमध्ये पुन्हा खेळणार असल्याने गावातले काही जण जाण्याचा विचार करत होते, आणि मुख्यतः त्यांच्यासाठी व पुढे कधी जाणाऱ्यांसाठी हे लिहिले. सामन्यांतील खेळाविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ आले आहे. परमुलखात आपल्या संघाच्या पाठीशी उभे राहताना कसे वागावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी आधी उरकतो. सामन्यांची तिकिटे २५ रियालपासून होती, म्हणजे आपले पावणेसहाशे रुपये. ती केवळ मोबाइलवर मिळतात, त्यामुळे प्रवेशद्वाराशी फोन बंद पडला तर हातात काही उरत नाही. चौघांची तिकिटे एकाच फोनवर ठेवू नयेत. प्रत्येकाचे तिकीट ज्याच्या त्याच्या फोनवर घ्यावे. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर न जाता निघण्याच्या आठवड्यात कतार सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः खात्री करून घ्यावी. दोहाच्या मेट्रोच्या तीन मार्गिका मुशैरिब स्थानकात एकत्र येतात आणि सामन्याच्या दिवशी तिकीटधारकांना मेट्रो मोफत होती. आम्ही नजमा भागात उतरलो होतो. तेथे भारतीय खाणावळी इतक्या आहेत की जेवणाची चिंता करावी लागली नाही. बरोबर नेलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खोलीवर उपयोगी पडली, मात्र बाहेरचे खाद्यपदार्थ स्टेडियमच्या आत नेता येत नाहीत. माझ्या खिशातली चटणीची पुडी तपासणीत निघाली आणि तेथेच टाकावी लागली.

आमच्या फलकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. एका मित्राच्या घरी अजून माग आहे. त्याच्याकडून जाड निळे सुती कापड घेऊन त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सोलापूर’ आणि ‘भारत’ असे दोनच शब्द शिवून घेतले होते. उझबेकिस्तानशी सामना होता त्या अहमद बिन अली स्टेडियमच्या दारात सुरक्षा कर्मचाऱ्याने तो पूर्ण उलगडायला लावला, हाताने मापला, कड्यांत काठी घातलेली नाही हे पाहिले आणि मग अक्षरांवर बोट ठेवून विचारले, हे काय लिहिले आहे? देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. त्याने दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला, जो नेपाळचा होता, बोलावून दोन्ही शब्द वाचून घेतले आणि तेव्हा कुठे आम्हाला आत सोडले. त्याच्या जागी मी असतो तर मीही तसेच केले असते. न वाचता येणाऱ्या लिपीत राजकीय किंवा धार्मिक घोषणा आत गेली, तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागणार आणि असा मजकूर स्पर्धेच्या नियमांत मुळीच बसत नाही. म्हणून फलकावर शब्द कमी ठेवावेत, त्यांचा इंग्रजी अर्थ एका कागदावर लिहून खिशात ठेवावा, काठी नेऊ नये आणि तपासणीसाठी निदान दीड तास हाताशी ठेवून पोहोचावे.

अल रिफा हे या स्टेडियमचे स्थानक हिरव्या मार्गिकेवर आहे. गाडीत बसल्यापासूनच आपल्याकडच्या माणसांची गर्दी होती, आणि त्यातले बहुतेक केरळचे. आम्ही सोलापूरहून आलो म्हणून स्वतःला फार लांबून आलेले समजत होतो. पण ते सगळे दोहातच वर्षानुवर्षे राबणारे, कोणी वाहनचालक, कोणी गवंडी, कोणी दुकानात कामाला. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी आठवड्याची सुट्टी पुढे ढकलून हा दिवस मोकळा करून घेतला होता. परमुलखातला सामना हे शब्द आपण सहज वापरतो. त्यांच्यासाठी तो मुलूख रोजचाच आहे आणि नव्वद मिनिटे मात्र घरची. त्या दिवशी ३८ हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि सगळीकडे निळा रंगच डोळ्यांत भरत होता. नव्याने जाणाऱ्यांनी तेथे पुढारीपण करू नये. ज्यांना तेथेच राहायचे आहे, ज्यांची नोकरी आणि परवाना तेथल्या कायद्यावर अवलंबून आहे, त्यांच्या मागे उभे राहावे. कारण आपण विमानात बसून निघून येतो आणि आपल्या एखाद्या आगळिकीचा त्रास त्यांना भोगावा लागतो.

सामना संध्याकाळी साडेपाचचा होता आणि जानेवारीत तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे सामन्याआधी काही प्रेक्षक वाटेच्या कडेला नमाज पढत होते. त्यांच्यासमोरून जाऊ नये, थांबावे किंवा वळसा घालावा. कोणाचेही, विशेषतः कुटुंबातील स्त्रियांचे, छायाचित्र न विचारता काढू नये. तो तेथे कायद्याने गुन्हा आहे. दारूचा तर प्रश्नच नाही, आणि मला ते मनापासून बरे वाटले, कारण युरोपातील पाठीराख्यांच्या दंगलींच्या वर्णनांत दुपारपासून चौकात चाललेले पिणे बहुतेक वेळा असतेच.

आपली बैठक-व्यवस्था वेगळी असेल अशी माझी समजूत होती. युरोपातील क्लब-सामन्यांत पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना स्टेडियमचा ठरावीक भाग, साधारणपणे ५ टक्के जागा, वेगळा दिला जातो, त्यांची दारे वेगळी असतात आणि अनेकदा सामना संपल्यावर त्यांना काही वेळ आत थांबवून ठेवतात. यामागे कटू इतिहास आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या अंतिम सामन्याआधी इंग्लिश पाठीराखे शेजारच्या भागावर धावून गेले, माणसे एका भिंतीकडे दाबली गेली, भिंत कोसळली आणि ३९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर इंग्लंडच्या क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर ठेवण्यात आले, लिव्हरपूलला सहा. आजही इंग्लंडमध्ये न्यायालयाने बंदी घातलेल्या पाठीराख्याला परदेशातील सामन्यांच्या काळात पासपोर्ट पोलिसांकडे जमा करावा लागतो. त्याच काळात डेन्मार्कच्या पाठीराख्यांनी आपल्याला ‘रोलिगन’ म्हणवून घेतले. ‘रोलिग’ म्हणजे त्यांच्या भाषेत शांत. ‘हूलिगन’ या हुल्लडबाजांच्या नावाशी जुळणारे पण अर्थाने उलट असे हे नाव घेऊन ते देशोदेशी गेले आणि जातील तेथे त्यांचे स्वागत झाले. दोहात आम्हाला कोठेही कुंपण दिसले नाही. आमच्या पुढच्याच रांगेत उझबेकिस्तानचे सात-आठ जण बसले होते, हातांत त्यांचा झेंडा आणि एकाच्या डोक्यावर काळी-पांढरी चौकोनी टोपी.

त्यांचे राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा माझ्या भाच्याने दोन बोटे तोंडात घालून शिट्टी वाजवली. त्याच्या मनात द्वेष नव्हता; क्रिकेटच्या सामन्याला गर्दीत जे करतात तेच त्याने केले. मी काही बोलण्याआधीच मागच्या रांगेतून एका वयस्क मल्याळी गृहस्थांचा हात त्याच्या खांद्यावर आला. त्यांनी डोळ्यांनीच उभे राहा म्हणून खुणावले आणि गीत संपेपर्यंत तो हात तसाच ठेवला. मग हिंदीत एवढेच म्हणाले, आता आपले होईल, तेव्हा तेही उभे राहतील. आणि खरोखर पुढची सगळी रांग आपल्या राष्ट्रगीताला ताठ उभी राहिली, टोपीवाल्याने टोपी काढली. भाच्याने मध्यंतराला जाऊन त्यांची माफी मागितली. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती, पण त्यांना कळले.

त्या मध्यंतरापर्यंत आपण तीन गोल खाल्ले होते. पहिला चौथ्या मिनिटालाच. अशा वेळी प्रेक्षकांची खरी परीक्षा असते. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लू पिलग्रिम्स’ या भारतीय संघाच्या पाठीराख्यांच्या गटाचे निळे सदरे घातलेले काही जण आमच्या डावीकडे होते. ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि तिसऱ्या गोलानंतर त्याने ती दातांनी तोडून नवी गुंडाळली आणि पुन्हा ताल धरला. एकाने आरोळी द्यायची आणि हजारोंनी तिचा उत्तरार्ध उचलायचा, ही रीत आम्हाला शिकावी लागली नाही. गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ लहानपणापासून म्हटलेल्या माणसाला घोषणा कोठे उचलायची आणि कोठे श्वास घ्यायचा हे अंगातच मुरलेले असते. तेथे आम्ही अर्थातच तो जयघोष केला नाही. देवाचा जयघोष देवापाशी. घोषणा आपल्या संघाच्या नावाने द्यावी, समोरच्याच्या विरोधात देऊ नये आणि एखादा खेळाडू चुकला तर त्याचे नाव घेऊन शिवी देऊ नये. आमच्याच देशातील काही जणांनी उत्तरार्धात ते केले आणि मला त्याचे फार वाईट वाटले, कारण खेळाडू त्याच बाजूच्या रेषेवर उभा होता आणि त्याने मान वळवून पाहिले. सामना ०-३ ने गेला. शेवटची शिट्टी होण्याआधी अनेक जागा रिकाम्या झाल्या. पण जे राहिले त्यांच्यासमोर खेळाडू आले, दोन्ही हात डोक्यावर नेऊन सगळ्यांनी एकत्र टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांपुरते तरी निकालाचे कोणाला सुचत नव्हते. शक्यतो शेवटपर्यंत थांबावे, हे मी मुद्दाम सांगतो.

मधल्या चार दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात संध्याकाळी सगळ्या देशांचे पाठीराखे फिरत असतात आणि कडक चहा पीत एकमेकांचे झेंडे पाहतात. तेथे सदऱ्यांची अदलाबदल करायची असेल तर गावाकडून एक जादा निळा सदरा न्यावा. आम्हाला तो सुचला नाही.

सीरियाविरुद्धचा सामना अल खोर येथील अल बैत स्टेडियममध्ये, वाळवंटी तंबूच्या आकाराच्या त्या भव्य वास्तूत, दुपारी अडीचला होता. तेथपर्यंत मेट्रो जात नाही. लाल मार्गिकेने लुसैलला उतरून पुढे बस घ्यावी लागते, तेव्हा नजम्यातून निघताना दोन तास जमेस धरावेत. याच स्टेडियममध्ये २०२२ च्या विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या सामन्यानंतर जपानच्या पाठीराख्यांनी पिशव्या घेऊन कचरा उचलला होता, आणि तो सामना त्यांच्या देशाचा नव्हताच. कतार आणि इक्वेडोर यांचा होता. त्यांची ही पद्धत १९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकापासून जगाच्या नजरेत आली. आम्ही घरून चार मोठ्या पिशव्या नेल्या होत्या, आणि जाणाऱ्यांना तेवढी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: पिशव्या न्या.

सीरियाला बाद फेरी प्रथमच दिसत होती, त्यामुळे त्यांच्या बाजूचा ताण वेगळाच होता. माझ्या उजव्या हाताला एक वृद्ध सीरियन गृहस्थ नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ७६ व्या मिनिटाला उमर ख्रिबीनने गोल केला आणि ते उठलेच नाहीत. नातीच्या केसांत तोंड लपवून रडत राहिले. आपली स्पर्धा तेथेच संपली होती, तीन सामन्यांत एकही गोल न करता, आणि आमच्याही घशात काही अडकले होते. भाच्याने खिशातली शेंगदाण्याची चिक्की काढली, जी कशी कोण जाणे तपासणीत सुटली होती, आणि त्या मुलीच्या हातावर ठेवली. त्याआधी त्याने आजोबांकडे पाहून परवानगी घेतली, हे मी पाहिले. सामना संपल्यावर आम्ही आपल्या दोन रांगांतल्या बाटल्या आणि कागद गोळा करू लागलो, तेव्हा ते आजोबाही वाकून बाटल्या पुढे करू लागले. आम्ही नको म्हटले, पण त्यांनी ऐकले नाही.

परतीच्या बसला मोठी रांग होती. ती सरकत नाही असे वाटले तरी ढकलाढकल करू नये. कर्मचारी गटागटाने सोडतात आणि मधे घुसणाऱ्याला सरळ मागे पाठवतात. आम्हाला पाऊण तास लागला. जानेवारीत संध्याकाळी तेथे वारा बोचरा असतो, एक पातळ चादर चौघांत पुरली.

जूनचे हवामान अगदी उलटे असते. रात्रीही अंगाची लाही होते, तेव्हा सुती कपडे आणि भरपूर पाणी एवढेच सामान बरे. ११ जून २०२४ च्या सामन्याला कतारचे लोक यजमान असणार होते आणि अशा सामन्यात निळ्या रंगाचा भाग दोन सामन्यांत आम्ही पाहिला त्यापेक्षा लहान असण्याचा संभव असतो, म्हणून राष्ट्रगीताची गोष्ट तरुण मुलांना विमानात बसण्यापूर्वीच सांगून ठेवावी. आमचा फलक धुऊन, घडी करून ठेवला आहे. लांबी साडेपाच फूट, रुंदी साडेतीन, आणि दोन्ही शब्दांचा इंग्रजी अर्थ लिहिलेला कागद घडीतच आहे. जाणाऱ्यांनी तो हक्काने घेऊन जावा.